सोपाऱ्याची सहल : विहारयात्रा की धम्मयात्रा?

दिवाळी मागे पडली की आपल्या वसाहतींतून, मंडळांतून आणि संस्थांतून सहलीच्या बैठका सुरू होतात. बस कितीची, माणशी वर्गणी किती, जेवण बरोबर न्यायचे की तिथेच चूल मांडायची, यावर रात्री अकरापर्यंत चर्चा चालते. ठिकाण मात्र पाच मिनिटांत ठरते. लोणावळा, नाहीतर वॉटर पार्क, नाहीतर समुद्रकाठचा एखादा रिसॉर्ट. सहलीला जाऊ नये असे माझे म्हणणे नाही. वर्षभर लोकलची गर्दी सोसणाऱ्या माणसाला आणि घर सांभाळणाऱ्या माताभगिनींना एक दिवस मोकळी हवा मिळालीच पाहिजे. परंतु वसई-विरार पट्ट्यात राहणारा आणि दररोज नालासोपारा स्टेशन ओलांडणारा आपला बांधव सोपाऱ्याचा स्तूप न पाहता चाळिशी गाठतो, ही गोष्ट मला खटकते. म्हणून या स्मरणिकेत मी सोपारा आणि त्याच्या आसपासच्या परिसराची माहिती देत आहे. येत्या हंगामात निदान एक सहल या बाजूला निघावी, एवढीच अपेक्षा आहे.

प्रथम या जागेचा भूगोल समजून घेऊ. नाळे आणि सोपारे ही दोन जुनी गावे. त्यांच्या नावांवरून रेल्वे स्टेशनचे नाव नालासोपारा झाले. उत्तरेला वैतरणा नदी. ती त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावून अर्नाळ्याजवळ समुद्राला मिळते. दक्षिणेला उल्हास नदीचे मुख, म्हणजेच वसईची खाडी. या दोन नद्यांच्या मधला हा सखल प्रदेश एके काळी खाड्यांनी वेढलेला होता आणि गलबते थेट सोपाऱ्यापर्यंत येत. पुढे खाडी गाळाने भरत गेली, बंदर मागे पडले आणि व्यापार दुसरीकडे गेला. आज तिथे भातखाचरे, तळी, वाड्या आणि आता इमारती दिसतात. पण ग्रीक दर्यावर्दींच्या 'पेरिप्लस' या ग्रंथात, टॉलेमीच्या भूगोलात आणि पुढे अरब प्रवाशांच्या लेखनात या बंदराचे नाव आहे. आपल्या पाली ग्रंथांत ते सुप्पारक आहे, संस्कृतात शूर्पारक. इथून माल कल्याण, नाणेघाट, जुन्नर असा पैठणकडे जाई. ज्या वाटेने व्यापारी गेले त्याच वाटेने भिक्खू गेले, आणि म्हणूनच सह्याद्रीच्या घाटवाटांवर आपल्याला लेणी सापडतात.

महावंस या सिंहली ग्रंथात असे सांगितले आहे की, पाटलिपुत्राच्या तिसऱ्या धम्मसंगीतीनंतर अपरान्त प्रदेशात, म्हणजे आपल्या या पश्चिम किनाऱ्यावर, धम्मप्रचारासाठी योन धम्मरक्खित या स्थविरांना पाठवले गेले. योन म्हणजे यवन, ग्रीक. कोकणच्या माणसाला धम्म सांगायला एक ग्रीक भिक्खू आला, ही गोष्ट आपल्या मुलांना शाळेच्या पुस्तकात क्वचितच सापडेल.

आता या लेखाच्या मथळ्याकडे वळतो. सम्राट अशोकाने आपल्या राज्यात ठिकठिकाणी चौदा आज्ञालेख खडकांवर कोरवले. गिरनार, काल्सी, शाहबाजगढी अशा ठिकाणी ते आजही वाचता येतात. सोपाऱ्यालाही ते कोरले होते, पण मूळ खडक फुटून नाहीसा झाला. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सोपाऱ्याच्या भाटेला तळ्याजवळ त्यातील एक तुकडा मिळाला. तो आठव्या आज्ञालेखाचा होता. पुढे १९५६ साली भुईगावला आणखी एक तुकडा मिळाला, तो नवव्या लेखाचा. १९५६ हे साल आपल्याला वेगळे सांगायला नको. १४ ऑक्टोबरला नागपूरला दीक्षाभूमीवर परमपूज्य बाबासाहेबांनी लाखो बांधवांना धम्मदीक्षा दिली, त्याच वर्षी वसईच्या किनाऱ्यावर प्रियदर्शी राजाचे शब्द पुन्हा वर आले.

योगायोग असा की, हा आठवा लेख प्रवासाविषयीच आहे. त्यात राजा सांगतो की, पूर्वीचे राजे विहारयात्रेला निघत. तिथे शिकार आणि तशाच प्रकारची करमणूक चाले. राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर प्रियदर्शी राजा संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेला आणि तेव्हापासून त्याच्या धम्मयात्रा सुरू झाल्या. त्या यात्रांत काय होई? श्रमण-ब्राह्मणांची भेट आणि दान, वृद्धांची भेट आणि त्यांना धनाची मदत, खेड्यापाड्यांतल्या लोकांची भेट, त्यांना धम्माचा उपदेश आणि त्यांची विचारपूस. आणि शेवटी राजा म्हणतो की, त्याला यातच अधिक आनंद मिळतो.

इथे 'विहार' या शब्दाविषयी थोडे सांगितले पाहिजे, नाहीतर अभ्यासवर्गात घोटाळा होतो. आज आपण विहार म्हणतो ते बुद्धविहाराला. अशोकाच्या लेखात 'विहारयात्रा' म्हणजे मौजेची भटकंती. मराठीत नौकाविहार, जलविहार या शब्दांत तो जुना अर्थ अजून टिकून आहे. दुसरी लक्षात घेण्याची गोष्ट अशी की, राजाने प्रवास सोडला नाही आणि आनंदही सोडला नाही. त्याने शिकार सोडली आणि माणसांना भेटायला सुरुवात केली. सहल बंद करा असे सांगणाऱ्या आमच्यातल्या काही कडक मंडळींनी हा लेख एकदा नीट वाचावा, आणि बसमध्ये बसल्यापासून उतरेपर्यंत फक्त लाऊडस्पीकर ऐकणाऱ्यांनीही वाचावा.

नवव्या लेखात राजाने आजारपण, लग्न, मुलाचा जन्म, प्रवासाला निघणे अशा वेळी लोक जे नाना विधी करतात त्यांविषयी लिहिले आहे. त्यांचे फळ अल्प, असे तो म्हणतो. खरे मंगल कोणते? तर दास आणि नोकरांशी नीट वागणे, वडीलधाऱ्यांचा आदर, प्राणिमात्रांविषयी संयम आणि दान. बसच्या चाकाखाली लिंबू ठेवण्याआधी आपल्या लोकांनी ड्रायव्हर-क्लीनरला पहिल्या पंगतीत जेवायला बसवले तर तो या लेखाचा मान राखल्यासारखे होईल.

सहलीचा विषय निघाला म्हणजे आणखी एक प्रसंग आठवल्याशिवाय राहत नाही. १९३४ साली बाबासाहेब आपल्या सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळची बौद्ध लेणी पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहायचा ठरला. प्रवासात धुळीने माखलेल्या मंडळींनी किल्ल्याच्या दरवाजाजवळच्या हौदावर तोंड-हात धुतले. तेवढ्यावरून, अस्पृश्यांनी पाणी बाटवले म्हणून आरडाओरडा झाला, जमाव जमला, शिव्या झाल्या. शेवटी किल्ला पाहू दिला तो सोबत हत्यारी शिपाई देऊन. आत कुठेही पाण्याला हात लावू नये म्हणून तो पहारा होता. बाबासाहेबांनी हा प्रसंग 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनात स्वतः लिहून ठेवला आहे. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला तेव्हा सात वर्षे होऊन गेली होती. परदेशातून उच्च पदव्या घेऊन आलेल्या, गोलमेज परिषदेत बसलेल्या माणसाला आपल्याच पूर्वजांची लेणी पाहायला जाताना हे सोसावे लागले. आज आपण तिकीट काढतो, बस ठरवतो आणि हव्या त्या तळ्यावर तोंड धुतो. हा हक्क कोणी मिळवून दिला ते बसमधल्या लहान मुलांना सांगायला दहा मिनिटे पुरतात.

आता प्रत्यक्ष स्तूपाकडे जाऊ. नालासोपारा स्टेशनच्या पश्चिमेला उतरून सोपारा गावाकडे रिक्षाने जाता येते. जागा भारतीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. सांची पाहून आलेल्याला इथे प्रथमदर्शनी थोडे निराश वाटेल. कोरीव तोरणे नाहीत, दगडी कठडे नाहीत. विटांचा एक विस्तीर्ण गोलाकार ढिगारा, भोवती झाडे आणि इतस्ततः काही दगडी अवशेष, एवढेच. पूर्वी गावकरी या टेकाडाला 'बुरूड राजाचा कोट' म्हणत. बुद्ध विसरले गेले, भिक्खू विसरले गेले, पण लोकांनी या जागेचा मान कोणा सरदार-सुभेदाराला न देता टोपल्या-सुपे विणणाऱ्या बुरूडाला दिला, त्यालाच राजा केले. मला ही आठवण फार मोलाची वाटते.

१८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी कॅम्पबेल यांच्या सहकार्याने हा ढिगारा मधोमध खणला. आत विटांची एक लहान खोली आणि तिच्यात मोठा गोल दगडी करंडक निघाला. करंडकात मध्यभागी तांब्याची डबी आणि तिच्याभोवती वर्तुळात आठ ब्राँझच्या मूर्ती होत्या. विपस्सी, सिखी, वेस्सभू, ककुसंध, कोणागमन, कस्सप आणि गौतम हे सात बुद्ध आणि आठवे भावी बुद्ध मैत्रेय. तांब्याच्या डबीत चांदीची, तिच्यात दगडाची, तिच्यात स्फटिकाची आणि सर्वांत आत सोन्याची डबी, अशी एकात एक रचना होती. एवढ्या काळजीने जपलेली वस्तू कोणती? तर मातीच्या पात्राचे काही लहान लहान तुकडे! ते तथागतांच्या भिक्षापात्राचे तुकडे म्हणून ठेवले असावेत, असा भगवानलालांचा निष्कर्ष होता. सोने बाहेरून आवरणाला आणि मातीचे खापर आत पूजेला, या मांडणीवर अभ्यासवर्गात एक तासभर बोलता येईल.

या ठेव्यातच सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याचे चांदीचे नाणे मिळाले. तो राजा इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. मूर्ती मात्र घडणीवरून आठव्या-नवव्या शतकातल्या ठरतात. म्हणजे जुना ठेवा कोणीतरी पुढे सहाशे वर्षांनी उघडला, त्यात नव्या मूर्ती ठेवल्या आणि श्रद्धेने पुन्हा बंद केला. बौद्ध धम्म कोकणात थोडा काळ आला आणि गेला, असे सांगणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे. हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे जतन करून ठेवला आहे.

स्तूपाजवळ बसून सांगण्यासारखी कथा आहे ती पूर्णाची. 'दिव्यावदान' या संस्कृत बौद्ध ग्रंथात ती विस्ताराने येते. शूर्पारक नगरात भव नावाचा श्रीमंत व्यापारी होता. तो आजारी पडला तेव्हा बायको-मुलांनी त्याला टाकले. घरच्या दासीने सेवा करून त्याला वाचवले. त्या दासीच्या पोटी पूर्णाचा जन्म झाला. बाप वारल्यावर सावत्र भावांनी वाटण्या केल्या, तेव्हा घर, शेत, दुकान, परदेशी माल याबरोबर पूर्णालाही एक वाटा म्हणून मोजण्यात आले, कारण तो दासीपुत्र. थोरल्या भावाने तो वाटा घेतला. पुढे पूर्णाने चंदनाच्या व्यापारात नाव आणि पैसा कमावला, सहा वेळा समुद्रपर्यटन करून आला. सातव्या वेळी गलबतावर श्रावस्तीचे व्यापारी होते. ते पहाटे बुद्धवचनांचे पठण करीत. हे गाणे कसले, असे पूर्णाने विचारले. गाणे नव्हे, हे बुद्धवचन आहे, असे त्यांनी सांगितले. तो परत आला, श्रावस्तीला गेला आणि भिक्खू झाला.

मग तो आपल्या अपरान्तात परत जायला निघाला तेव्हाचा तथागतांशी झालेला संवाद पाली मज्झिमनिकायातील पुण्णोवाद सुत्तातही आहे. तिकडची माणसे उग्र आहेत, ती शिव्या देतील तर काय करशील, असे भगवंत विचारतात. मारत तर नाहीत, भली माणसे आहेत, असे मी म्हणेन, असे पूर्ण उत्तर देतो. हातांनी मारतील तर? ढेकळांनी? काठीने? शस्त्राने? जीवच घेतला तर? प्रत्येक प्रश्नाला त्याचे उत्तर तितक्याच शांतपणे येते. ज्या गावात आपल्याला मालमत्तेत मोजले, त्याच प्रदेशात धम्म घेऊन परत जाणारा हा मनुष्य. दिव्यावदानात पुढे सांगितले आहे की, त्याने शूर्पारकात तथागतांसाठी चंदनाचा प्रासाद उभारला. आपल्या मुलांना दासीपुत्र या शब्दाचा अर्थ समजावून मगच ही कथा सांगावी, नाहीतर तिची धार जाते.

स्तूपापासून जवळच चक्रेश्वर तळे आहे. काठावरच्या मंदिरात ब्रह्मदेवाची भव्य उभी मूर्ती आहे. शिल्पकला म्हणून ती अवश्य पाहावी. त्यानंतर भुईगाव किंवा कळंबचा किनारा गाठावा आणि सुरूच्या झाडांखाली शिदोऱ्या सोडाव्यात. इथे मोठ्यांसाठी एक आठवण. उदान ग्रंथात बाहिय दारुचीरिय नावाच्या तपस्व्याची कथा आहे. तो सुप्पारकाला समुद्रतीरावर राहत होता आणि लोक त्याला मान देत. आपण खरोखर अर्हत आहोत का, ही शंका आल्यावर तो थेट श्रावस्तीला गेला आणि भिक्षेला निघालेल्या तथागतांना त्याने रस्त्यातच गाठले. पाहताना फक्त पाहणे असू दे, ऐकताना फक्त ऐकणे, अशा अर्थाचा अगदी थोडक्यातला उपदेश त्याला मिळाला, आणि तेवढ्यावर तो मुक्त झाला. जेवणानंतर मुलांना पाच मिनिटे गप्प बसवून फक्त लाटा पाहायला सांगा. मोबाईल त्या वेळी पिशवीत राहू द्यावेत.

वेळ उरला तर वसईचा किल्ला. १५३४ साली गुजरातच्या सुलतानाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या फौजेने ती जिंकली. तट, चर्चचे पडके मनोरे, जेट्टीवरून दिसणारी खाडी हे सर्व पाहायला दोन तास हवेत. अर्नाळ्याचा किल्ला वैतरणेच्या मुखाशी बेटावर आहे, होडीने जावे लागते. लहान मुले असतील तर भरती-ओहोटीची चौकशी करूनच निघावे. रान पाहायचे असेल तर २००३ साली अभयारण्य म्हणून घोषित झालेले तुंगारेश्वर आहे. एका दिवसात हे सारे उरकू नये. बसमधून उतरा, फोटो काढा, बसमध्ये चढा, अशी सहल मुलांना लक्षात राहत नाही.

खर्चाचा प्रश्न नेहमीच येतो. त्याचे उत्तर नाशिकच्या लेण्यांत कोरलेले आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याच्या दहाव्या लेण्यातील लेखात असे म्हटले आहे की, त्याने भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शोर्पारग येथे प्रवाशांसाठी निवारे बांधले, विहिरी-तळी केली आणि अनेक नद्यांवर फुकट नावा ठेवल्या. त्या नद्यांत आपल्या डहाणूचीही नदी आहे. (वसई-भाईंदर रो-रो बोट २०२४ साली सुरू झाली, ती मात्र तिकीट घेते.) त्याच लेण्यात दुसरा लेख आहे, तो माझ्यासारख्या बँकेत काम करणाऱ्याने तर पाठच करावा. तीन हजार कार्षापणे त्याने विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. दोन हजार दरमहा शेकडा एक दराने आणि एक हजार शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. दोन हजारांचे वर्षाचे व्याज दोनशे चाळीस, त्यातून वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापणे चीवरासाठी. हिशेब चोख आहे, मी करून पाहिला. आपल्या संस्थेने अशीच एक कायम ठेव ठेवली आणि तिच्या व्याजातून दरवर्षी ज्यांना वर्गणी परवडत नाही अशा घरांतील मुलांच्या जागा भरल्या, तर बसमध्ये कोणाला मागे ठेवावे लागणार नाही.

जाताना काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. स्तूपाच्या विटांवर चढू नये, नाणी-कुंकू टाकू नये, आठवण म्हणून विटेचा तुकडा तर मुळीच आणू नये. बुद्धपौर्णिमेला तिथे गर्दी असते, शांतपणे अभ्यास करायचा तर साधा रविवार निवडावा. पोहोचल्यावर प्रथम त्रिशरण-पंचशील घ्यावे, माहिती नंतर. पिण्याचे पाणी बरोबर असावे आणि कचऱ्यासाठी रिकामी पोती. गावातल्या एखाद्या वृद्ध गृहस्थाला किंवा आजीला भेटून त्यांच्या लहानपणी हा कोट कसा दिसे ते मुलांनीच विचारावे. अशोकाच्या यात्रेत वृद्धांची भेट होतीच.

सोपारा पाहून झाल्यावर पुढच्या खेपेस कान्हेरी करावी. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात शंभराहून अधिक लेणी आहेत. उद्यान सोमवारी बंद असते. तिथल्या शिलालेखांत सोपाऱ्याच्या दात्यांची नावे आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहातही एक खांब सोपाऱ्याच्या सातिमित नावाच्या भाणकाचे, म्हणजे सुत्त पठण करणाऱ्या भिक्खूचे दान आहे. कान्हेरीला लेण्यालेण्यांजवळ खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. लेखांत त्यांना 'पोढी' म्हटले आहे, आणि लेण्यासोबत पोढीचेही दान दिल्याची नोंद आहे. वाटसरूला आणि भिक्खूला पाणी मिळावे म्हणून खडक फोडणारे ते लोक होते. दौलताबादचा प्रसंग मुलांना इथे, टाक्याच्या काठावर सांगावा असे मला वाटते.

तिसरा टप्पा मुंबईतच, काळा घोड्याजवळच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात. सोपाऱ्याचा आठव्या लेखाचा तुकडा तिथे आहे. जाण्यापूर्वी विहारात फळ्यावर ब्राह्मीची चार अक्षरे शिकवून ठेवावीत. 'क' म्हणजे बेरजेचे चिन्ह, 'ग' म्हणजे घराचे उतरते छप्पर, 'ठ' म्हणजे पूर्ण वर्तुळ आणि 'ध' म्हणजे दोरी लावलेले धनुष्य. मग मुलांना गिरनारच्या पूर्ण लेखाचा छापील ठसा दाखवून धनुष्याशेजारी टिंब असलेले अक्षर शोधायला लावावे. ते 'धं'. त्याच्या पुढचे अक्षर 'म'. एवढी तयारी करून मुलांना त्या दगडासमोर उभे करावे आणि कोणाला आधी ओळखीचे अक्षर सापडते ते पाहावे.